फॅन्सी गोल्डफिशला काय, किती आणि कसं खायला घालावं

खाद्याचा डबा निवडण्याआधी माशाच्या पोटाची रचना समजून घ्यावी. गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न थेट लांब आतड्यात उतरतं. साठवायला जागाच नसल्याने एकदम भरपूर खाल्लेलं अन्न अर्धवट पचूनच पुढे ढकललं जातं. त्यात ओरांडा, रांचू, र्‍यूकिन, पर्लस्केल या जाती निवड करून करून आखूड आणि गोल केलेल्या. लांबट गोल्डफिशमध्ये ऐसपैस बसणारं आतडं, यकृत आणि वाताशय (माशाला पाण्यात तोलून धरणारी हवेची पिशवी) इथे दाटीवाटीने बसवलेलं असतं. आतडं फुगलं की वाताशयावर दाब येतो आणि मासा शेपटी वर करून तरंगतो किंवा कुशीवर कलतो. म्हणून या माशांसाठी चार गोष्टी महत्त्वाच्या: बुडणारं खाद्य, पचायला सोपी प्रथिनं, थोडी मात्रा आणि दिवसातून दोन-तीनदा देणं.

दाणे निवडताना

रोजचं मुख्य खाद्य म्हणून बुडणारे दाणे सगळ्यात सोयीचे. तरंगणारे दाणे टिपताना मासा पृष्ठभागावर तोंड मारतो आणि अन्नाबरोबर हवाही गिळतो. गोल्डफिशचं वाताशय अन्ननलिकेला नळीने जोडलेलं असतं, त्यामुळे आधीच तोल नाजूक असलेल्या माशाला ही जास्तीची हवा त्रासदायक ठरते. फ्लेक्स मी रोजच्या खाद्यात धरणारच नाही. पातळ असल्याने त्यातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं झटकन निघून जातात आणि उरलेले तुकडे फिल्टरमध्ये अडकून कुजतात.

डब्यावरच्या माशाच्या चित्राकडे दुर्लक्ष करून मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मासा, कोळंबी, क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव), स्क्विड यांपैकी काही असावं. सुरुवातच गव्हाचं पीठ, मका किंवा सोया यांनी होत असेल तर तो डबा ठेवून द्या. दाणा बांधायला थोडा स्टार्च लागतोच, पण तो पाठीमागे असावा. मोठ्या माशांसाठी प्रथिनं ३५ ते ४० टक्के, वाढत्या पिल्लांसाठी ४० ते ४५ टक्के, स्निग्धांश ५ ते १० टक्के आणि तंतू साधारण ५ टक्क्यांपर्यंत, एवढं पाहावं.

कोरडं आणि ओलं खाद्य यांचे आकडे थेट ताडून पाहू नका. फ्रोझन ब्लडवर्मच्या (डासासारख्या माशीच्या लाल अळ्यांच्या) पाकिटावर प्रथिनं ६ टक्के दिसतात, पण त्यात ९० टक्के पाणी असतं. पाणी वगळलं की तोच आकडा ६० टक्क्यांवर जातो. ८ टक्के ओलावा आणि ३८ टक्के प्रथिनं असलेले दाणे याच हिशेबाने सुमारे ४१ टक्क्यांचे.

डबा फोडल्यावर एक साधी चाचणी करा. टँकच्या तापमानाच्या पाण्याने भरलेल्या ग्लासात पाच दाणे टाका आणि अर्ध्या तासाने बघा. चांगला दाणा मऊ होतो, थोडाच फुगतो आणि आकार धरून राहतो. दुप्पट फुगणारा किंवा पाच मिनिटांत विरून पाणी गढूळ करणारा दाणा या माशांच्या कामाचा नाही. फार कडक दाणे देण्याआधी मिनिटभर टँकच्याच पाण्यात भिजवले तर चालतात. तासभर भिजवू नका, नाहीतर क जीवनसत्त्व पाण्यात जातं.

मात्रा

खरी चूक इथेच होते. गोल्डफिश काचेपाशी येऊन तोंड उघडत राहतो तो भुकेमुळेच असं नाही. माणूस दिसला की खाणं येतं, हे त्याने शिकून घेतलेलं असतं. 'दोन मिनिटांत संपेल तेवढं द्या' हा नियमही या खादाड माशाला फार सैल पडतो. वजनावर जा. भांड्यात टँकचं पाणी घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि मासा ओल्या हातांनी अलगद उचलून त्यात सोडा. मोठ्या माशाला रोज वजनाच्या १ टक्का कोरडं खाद्य पुरतं; म्हणजे ५० ग्रॅमच्या ओरांडाला दिवसाला अर्धा ग्रॅम, दोन-तीन वेळांत वाटून. एक वर्षाच्या आतल्या वाढत्या माशाला ३ टक्क्यांपर्यंत, चार-पाच वेळांत. अर्धा ग्रॅम दाणे एकदाच ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून मोजून ठेवा, मग रोज नुसते मोजून घातले तरी चालतं.

जास्तीच्या खाद्याचा हिशेब पाण्यातही दिसतो. ४० टक्के प्रथिनांच्या १ ग्रॅम दाण्यांत सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. ते दाणे न खाता कोपऱ्यात कुजले, तर १०० लिटरच्या टँकमध्ये त्यातून लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया-नायट्रोजन येऊ शकतो. फिल्टर नवा असेल तर एवढ्यानेही कल्ल्यांना इजा होऊ शकते. म्हणून दहा मिनिटांनी उरलेलं खाद्य नळीने ओढून काढा.

पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पचन मंदावतं; तेव्हा मात्रा निम्मी करा आणि गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य द्या. १० अंशांच्या खाली खाणं थांबवलेलंच बरं.

बबल आय, सेलेस्टियल आणि टेलिस्कोप या जातींना नीट दिसत नाही. त्यांच्याबरोबर चपळ, लांबट जातीचा कॉमेट ठेवला तर तो फुगतो आणि हे वाळतात. रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी, उथळ काचेच्या बशीत दाणे टाकले की हे मासे वासाने जागा शिकतात.

जेल घरी करायचं असेल तर

जेल म्हणजे अगार घालून थिजवलेलं ओलं खाद्य. त्यात पाणी भरपूर असतं आणि ते पोटात जाऊन फुगत नाही, म्हणून गोल अंगाच्या माशांना चांगलं मानवतं. १५० ग्रॅम सोललेली कोळंबी किंवा कमी चरबीचा काटे काढलेला मासा तीन मिनिटं वाफवा. ५० ग्रॅम पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिळून घ्या. ३० ग्रॅम सोललेले मटार आणि एक चमचा स्पिरुलिना (निळं-हिरवं शेवाळ) पावडर घालून सगळं अगदी बारीक वाटा. मीठ, तेल, मसाला काहीही नको. २०० मिली पाण्यात ५ ग्रॅम अगार (समुद्री शेवाळापासून केलेला, थिजवणारा पदार्थ) पावडर ढवळत दोन मिनिटं खळखळ उकळा, थोडं निवू द्या आणि वाटणात ओता.

वाटण फ्रिजमधून काढलेलं थंडगार नसावं. अगार ४० अंशांच्या आसपास आवळायला लागतो, त्यामुळे थंड वाटणाला लागताच त्याच्या गुठळ्या होतात आणि टँकमध्ये तुकडा सुटा होऊन पडतो. वाटण कोमट असेल तर मिश्रण सायीसारखं एकजीव होतं. ते ताटात अर्धा सेंटिमीटर जाड पसरवा, घट्ट झाल्यावर वड्या कापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. या जेलमध्ये ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून कोरड्या दाण्यांच्या वजनाच्या सहा-सातपट जेल द्यावं लागतं. त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं हिशेबाने घातलेली नसतात. आठवड्यातून दोन दिवस एवढंच त्याचं काम, बाकी दिवस दाणेच.

मटार, ब्लडवर्म आणि बाकीचं

मासा तरंगला की मटार, हा उपाय फार सरसकट सांगितला जातो. मटारातल्या तंतूमुळे तुंबलेलं आतडं मोकळं व्हायला मदत होते, इतकंच. वाताशयाची जन्मजात विकृती, जंतुसंसर्ग किंवा वाढलेला अमोनिया यांवर मटार काहीही करत नाही. आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा, २४ तास उपास घडवा, मग एखाद-दुसरा उकडून साल काढलेला मटार द्या. त्यापेक्षा फ्रोझन डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) मला जास्त पटतो: त्याचं कवच पचत नाही, पोट साफ करतं आणि वर प्रथिनंही मिळतात.

ब्लडवर्म आठवड्यातून एक-दोनदा पुरे, कारण चटक लागली की मासे दाणे थुंकून टाकतात. कोरड्या ब्लडवर्मच्या भुकटीची काही माणसांना चांगलीच ॲलर्जी होते. हाताळताना नाकाजवळ नेऊ नका. जिवंत ट्युबिफेक्स किडे घाणेरड्या पाण्यात वाढतात आणि रोग घेऊन येतात, ते टाळाच. डकवीड (पाण्यावर तरंगणारी इवल्या पानांची वनस्पती) मात्र टँकमध्ये खुशाल सोडा, दिवसभर खुडत बसायला उत्तम. ब्रेड आणि बिस्किटं कधीच नकोत.

लाल रंगाची मूळ रंगद्रव्यं मासा स्वतः तयार करत नाही. ती त्याला क्रिल, कोळंबी, स्पिरुलिना यांतून मिळतात. डोक्यावरचा वेन (मांसल वाढ) मात्र मुळात वंशावर ठरतो. त्यासाठी प्रथिनं ओतत बसलं तर वेन वाढो न वाढो, पोट आणि चरबी नक्की वाढते.

डबा आणि विष्ठा

फोडलेला डबा तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या. हवेने स्निग्धांश खवट होतो, ओलाव्याने बुरशी येते आणि तिचं विष यकृतावर बसतं. ओले बोट डब्यात घालू नका. मोठा डबा असेल तर महिन्याचा भाग बाहेर काढून बाकीचं हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

खाणं मानवतंय का, हे विष्ठेवरून कळतं. खाद्याच्याच रंगाची, भरीव आणि लवकर तुटून पडणारी असेल तर ठीक. बुडबुडे अडकलेली लांब शेपटी लोंबत असेल तर हवा गिळली जाते आहे किंवा स्टार्च जास्त झाला आहे: दाणे बदला. पांढरी, पोकळ, दोऱ्यासारखी असेल तर पोट रिकामं आहे. नीट खाऊनही तशीच राहिली तर आतड्यात परजीवी किंवा सूज असू शकते, मग खाद्य बदलत न बसता माशांच्या डॉक्टरांना दाखवा.

गावाला जाताना धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही. हॉलिडे ब्लॉक (पाण्यात हळूहळू सुटणारी खाद्याची वडी) टाकू नका, तो विरघळून पाणी खराब करतो. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर एका-एका वेळेच्या पुड्या मोजून बांधा आणि उरलेला डबा कपाटात ठेवून कुलूप लावा, कारण टँक सांभाळायला आलेला माणूस मायेपोटी हमखास जास्त घालतो.