नववीचं गणित वहीबाहेर काढायचं तर

नववीत गणिताची दोन पुस्तकं हातात येतात, भाग १ बीजगणिताचा आणि भाग २ भूमितीचा. ‘ह्याचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्नही बहुतेक घरांत त्याच वर्षी जोरात विचारला जातो. आपण मोठी माणसं ‘दहावीला लागतं’ असं सांगून मोकळे होतो. पोरं हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

पुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणांत एक गोम असते. त्यातले आकडे कुणीतरी आधीच निवडून, धुऊनपुसून ठेवलेले असतात. झाड बरोबर १२ मीटरवर, कोन बरोबर ३० अंश. कोणता आकडा घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायची वेळ मुलांवर येतच नाही, आणि उपयोजित गणितातलं निम्मं काम तर तेच. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत आकडे मुलांनी स्वतः गोळा करायचे आहेत. रविवारी सकाळचा एक तास पुरे.

साहित्य: शंभर पानी वही, ५ मीटरची टेप, कंपासपेटी, दोरा आणि बोल्टचा एक नट.

पायरी १: आधी अंदाज, मग मोजणी

वहीच्या डाव्या पानावर अंदाज लिहायचा, उजव्या पानावर मोजलेलं. अंदाज पेनानं लिहायचा आणि खोडायचा नाही. खोलीची लांबी, बादलीतलं पाणी, शाळेपर्यंतचं अंतर, काहीही चालेल. खोली १२ फूट वाटली आणि १० फूट भरली, तर चूक २० टक्के. शेकडेवारीचा सराव आपोआप होतो. चार आठवड्यांत अंदाज सुधारलेले दिसतात, आणि त्याहून मोठा फायदा असा की पुढे उत्तर वेडंवाकडं आलं तर पोरांना ते खटकू लागतं.

पायरी २: एककांशी दोस्ती

आपल्याकडे जमीन गुंठ्यात बोलतात, वाळू-खडी ब्रासमध्ये येते आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर.

आता गुंठ्याचे चौरस मीटर करायला सांगा. एक फूट ०.३०४८ मीटर, म्हणून बरीच मुलं १०८९ ला ०.३०४८ नं गुणून ३३२ असं उत्तर देतात. चूक लगेच दाखवू नका. ‘३३ फूट म्हणजे साधारण किती मीटर?’ एवढंच विचारा. दहा. मग दहा गुणिले दहा शंभरच्या आसपास यायला हवं, ३३२ कुठून आले? फूट दोनदा आहे, म्हणून ०.३०४८ नंही दोनदा गुणायचं. उत्तर १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच. हा घोळ एकदा स्वतः घातला की पृष्ठफळ-घनफळाच्या धड्यात पुन्हा होत नाही.

पायरी ३: विजेचं बिल

एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालणं. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला तर ३० दिवसांत २२.५ युनिट. २८ वॅटचा नवा पंखा तेवढाच चालला तर ८.४ युनिट. महिन्याला वाचले १४.१ युनिट. घरच्या बिलावरचा युनिटचा दर घ्या, दुकानात नव्या पंख्याची किंमत विचारा आणि पैसे किती महिन्यांत वसूल होतात ते समीकरण मुलांनाच मांडू द्या. हिवाळ्यात पंखा बंद असतो, हे त्यांच्या आपणहून लक्षात येतं का पाहा. आलं, तर त्या दिवसाचं काम झालं.

पायरी ४: इमारतीची उंची

ह्याला दोन रविवार द्या.

कोनमापकाच्या सरळ कडेला एक स्ट्रॉ चिकटवा. मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला नट लटकवा. गवंड्याकडे असतो तसा ओळंबा झाला. स्ट्रॉ आडवी धरली की दोरा ९० वर येतो. स्ट्रॉमधून गच्चीच्या कठड्याचं टोक पाहायचं आणि दोरा ९० पासून किती सरकला ते जोडीदारानं वाचायचं. तोच उन्नत कोन.

सुरुवात ४५ अंशांनी करा. कोन ४५ होईपर्यंत मागे सरकत जायचं. तिथे टॅन (कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) १ असतो, म्हणून भिंतीपासूनचं अंतर अधिक डोळ्याची उंची हीच इमारतीची उंची. कोष्टक लागत नाही की कॅल्क्युलेटर.

मग दुसरी जागा घ्या. समजा अंतर १२ मीटर, कोन ४० अंश, डोळा जमिनीपासून १.४ मीटरवर. टॅन ४० म्हणजे ०.८३९. गुणाकार १०.०७, त्यात १.४ मिळवले की ११.४७ मीटर.

पडताळा घेतल्याशिवाय उठायचं नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजा: ६५ पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंटिमीटर, म्हणजे १०.४० मीटर. वर कठडा ०.९५. एकूण ११.३५. फरक १२ सेंटिमीटर, साधारण एक टक्का. घरी केलेल्या यंत्राला हे शोभून दिसतं.

आता विचारा, कोन वाचताना दोन अंश चुकले असते तर? ३८ अंशांना उंची १०.७८ येते, ४२ ला १२.२०. म्हणजे दोन अंशांच्या चुकीला जवळपास पाऊण मीटर. म्हणून कोन पाच वेळा वाचून सरासरी घ्यायची. सरासरी कशासाठी काढतात हे मला तरी सांख्यिकीच्या धड्यापेक्षा ह्या उद्योगातून जास्त नीट कळलं.

इथे ब्रिटिश काळात भारताच्या सर्वेक्षण खात्यात गणिताचं काम करणाऱ्या राधानाथ सिकदरांची गोष्ट जरूर सांगावी. १८५२ साली त्यांनी ज्या निरीक्षणांवरून एव्हरेस्टची उंची काढली, ती दीडशे किलोमीटरहून लांबून, मैदानी भागातून घेतलेली होती. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा होता २९,००२ फूट. आजचा मान्य आकडा ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. फरकाची टक्केवारी मुलांना काढू द्या आणि आपल्या एक टक्क्याशेजारी लिहू द्या.

नारळाचं झाड मोजणार असाल तर जपून. नारळ क्वचितच सरळ उभा असतो. अंतर बुंध्यापासून न मोजता शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून मोजायला हवं.

पायरी ५: पावसाळ्यात छपरावरचं पाणी

सरळ भिंतींचा पारदर्शक डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी पट्टीनं पाणी मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी; का, ते घनफळाच्या सूत्रानं मुलांनीच दाखवावं. छप्पर १० गुणिले ६ मीटर आणि पाऊस ५० मिलिमीटर असेल तर ३००० लिटर. कौलारू घर असेल तर वाद नक्की होतो: क्षेत्रफळ उतरत्या कौलांचं धरायचं की खालच्या जमिनीचं? सरळ पडणाऱ्या पावसाला खालच्या जमिनीचं, म्हणजे पागोळ्यांच्या आतलं. हा वाद होऊ द्यावा, मिटवायची घाई करू नये.

पायरी ६: हप्त्याचा मोबाईल

अर्थनियोजनाचा धडा आला की हे घ्या. मोबाईल १२,००० रुपयांचा, व्याज १० टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच, मुदत १२ महिने. व्याज १२००, एकूण १३,२००, हप्ता ११००. दहा टक्के ऐकायला बरं वाटतं.

पण १२,००० रुपये आपल्याकडे वर्षभर असतात कुठे? दर महिन्याला मुद्दलातले १००० परत जातात असं धरू. मग पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,०००, दुसऱ्यात ११,०००, असं करत शेवटच्या महिन्यात १०००. बारा आकड्यांची बेरीज ७८,०००, सरासरी ६५००. म्हणजे सरासरी ६५०० वापरले आणि व्याज भरलं १२००. भागाकार सुमारे १८ टक्के. काटेकोर हिशेबानंही हप्त्याचा खरा दर महिन्याला दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपासच येतो.

हे सगळं वहीत उतरवून मुलांना घेऊन दुकानात जा. काउंटरवर प्रश्न त्यांनाच विचारू द्या: ‘काका, व्याज मूळ रकमेवर आहे की उरलेल्या शिलकीवर?’