ब्लीड आणि सेफ मार्जिन: फाईल प्रेसला पाठवण्याआधीची तयारी

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कामाचं कापून झाल्यानंतरचं माप मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावं. नुसतं ‘ए-फोर’ म्हणून भागत नाही. उभं की आडवं, घडी घातलेलं माप की उघडलेलं, बायंडिंग कोणत्या बाजूला, हेही सोबत लिहायचं. मग प्रेसला दोन आकडे विचारायचे: ब्लीड (कापरेषेच्या बाहेरपर्यंत वाढवलेली जादा छपाई) किती हवं आणि मजकूर काठापासून किमान किती आत हवा, म्हणजे सेफ मार्जिन किती. ब्लीड बहुतेक ठिकाणी चारही बाजूंना ३ मिमी असतं. इंचात काम चालतं तिथे एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५ मिमी. डायकटिंगची (साच्याने आकारात कापायची) खोकी किंवा मोठे बॅनर असतील तर जास्त मागतात. प्रेसने वेगळा आकडा दिला तर तोच धरावा, कारण मशीन त्यांचं आहे आणि ते किती हलतं हे त्यांना ठाऊक असतं.

कागद हलतोच, हे मनाशी पक्कं असलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. छापलेले कागद एकेक करून कापत नाहीत. पूर्ण गठ्ठा ठोकून एका रेषेत आणतात, कटिंग मशीनखाली सरकवतात, वरून क्लॅम्प दाबतो आणि पातं खाली येतं. दाबामुळे गठ्ठा किंचित सरकतो, पातंही खाली जाताना थोडं कलतं, त्यामुळे सगळ्यात वरचा कागद आणि सगळ्यात खालचा कागद अगदी एकाच जागी कापले जात नाहीत. त्याआधी छपाईतच शीट केसभर इकडेतिकडे झालेली असते. सगळं मिळून मिलिमीटरभर फरक पडला तर तो चांगल्या प्रेसमध्येही पडतो. म्हणून मी एक नियम कडकपणे पाळते आणि तुम्हीही पाळावा असं मनापासून वाटतं: काठाजवळची प्रत्येक गोष्ट एकतर काठ ओलांडून पूर्ण ब्लीडपर्यंत जाईल, नाहीतर सेफ मार्जिनच्या आत राहील. मधल्या पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही.

आता डॉक्युमेंट. इनडिझाइन, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ यांत पानाचं माप कापल्यानंतरचंच ठेवायचं आणि ब्लीड त्याच्या स्वतंत्र रकान्यात भरायचं. पान मुळातच मोठं घेऊन ‘कापताना बघून घेतील’ असं धरू नये. अशा फाईलमध्ये खरी कापरेषा कुठे आहे हे प्रेसला कळायला मार्ग राहत नाही. फोटोशॉपमध्ये मात्र ब्लीडचा रकाना नाही, तिथे कॅनव्हासच वाढवावा लागतो. ए-फोर २१० × २९७ मिमी, म्हणून कॅनव्हास २१६ × ३०३ मिमी, ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण २५५१ × ३५७९ पिक्सेल. चारही बाजूंना ३ मिमीवर गाइड टाकून कापरेषा दाखवावी आणि तिच्या आत सेफ मार्जिनचे गाइड टाकावेत. माझ्या मते गुंतागुंतीच्या मजकुराचं काम फोटोशॉपमध्ये करूच नये, पण केलं तर गाइडशिवाय करू नये.

फोटो निवडतानाच तो ब्लीडपर्यंत पुरतो का ते पाहावं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, तोही शेवटच्या दिवशी. फोटो नेमका पानाएवढा असेल तर तो सुमारे तीन टक्के मोठा करून ब्लीड भरता येतं. ३०० पीपीआयचा फोटो त्यात २९१च्या आसपास येतो, ते चालतं. पण मोठा केल्यावर कोणाचं डोकं किंवा हात काठाशी येतोय का हे पुन्हा पाहायचं. आकाश, भिंत, साधा पोत असेल तर कडेचा भाग वाढवून घेता येतो. चेहऱ्यावर किंवा अक्षरांवर असलं काही करू नये. सपाट रंगाचा बॅकग्राउंड ब्लीडपर्यंत ओढणं हे सेकंदाचं काम आहे, तरी रंगाच्या चौकोनाची एखादी बाजू कापरेषेवरच थांबलेली राहून जाते. झूम करून चारही कोपरे बघावेत.

सेफ मार्जिन किमान ३ मिमी, मी ५ धरते. ९० × ५५ मिमीच्या व्हिजिटिंग कार्डावर ४ मिमी धरलं तर मजकुराला ८२ × ४७ मिमी जागा उरते, आणि ती पुरते. माप टेक्स्ट फ्रेमच्या कडेपासून घेऊ नका, अक्षराच्या सगळ्यात बाहेरच्या टोकापासून घ्या. देवनागरीत हे विशेष जपावं लागतं: वेलांटी, रफार, मात्रा शिरोरेखेच्या बऱ्याच वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली उतरतात, आणि काही फॉन्टमध्ये ती फ्रेमच्याही बाहेर डोकावतात. पानक्रमांक, लोगो, क्यूआर कोड, तळाची बारीक सूचना हे सगळं याच हद्दीत. काठाला समांतर जाणारी बारीक बॉर्डर शक्यतो टाळावी. एका बाजूला २ मिमी आणि समोरच्या बाजूला ३ मिमी राहिली की डोळा ते लगेच पकडतो. हवीच असेल तर ती चांगली आत घ्या.

घडी आणि बायंडिंग आलं की हिशोब बदलतो. ए-फोरच्या दोन घड्या घालून तीन भाग केलेल्या पत्रकात आत वळणारा भाग थोडा अरुंद लागतो, १००, १०० आणि ९७ मिमी असा, नाहीतर तो आत अडकून फुगतो. पिन बायंडिंगच्या (मधोमध घडीवर पिना मारलेल्या) पुस्तिकेत आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना जास्त कापली जातात. ६४ पानांची पुस्तिका म्हणजे एकात एक घातलेल्या १६ घड्या. कागद ०.१ मिमी जाडीचा धरला तर मधलं पान दीड मिमीच्या आसपास बाहेर येतं. मजकुराची बाहेरची मोकळी जागा तेवढी वाढवावी आणि हा फरक इम्पोझिशनमध्ये (मोठ्या शीटवर पानं मांडताना) सांभाळला जाणार आहे का ते प्रेसला विचारावं. परफेक्ट बायंडिंगमध्ये (पानं कण्याला, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला, गोंदाने चिकटवलेली) आतल्या बाजूला जास्त समास द्यावा लागतो, कारण पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. कव्हरसाठी कण्याची जाडी आधी मागून घ्यायची. १४० × २१६ मिमीचं पुस्तक आणि १० मिमीचा कणा असेल तर कव्हरची पूर्ण रुंदी १४० + १० + १४०, म्हणजे २९०, आणि ब्लीड धरून २९६ × २२२ मिमी. कण्यावरचं नाव दोन्ही घड्यांपासून किमान २ मिमी आत ठेवा.

पीडीएफ काढताना ब्लीड आपोआप येईल असं समजू नका. इनडिझाइनमध्ये ‘मार्क्स अँड ब्लीड्स’मध्ये डॉक्युमेंटचं ब्लीड वापरण्याची खूण करावी लागते, कोरलमध्ये प्रीप्रेसच्या टॅबमध्ये ब्लीडची मर्यादा द्यावी लागते, कॅन्व्हामध्ये ‘पीडीएफ प्रिंट’ निवडून क्रॉप मार्क (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यांतल्या रेघा) आणि ब्लीडची खूण करावी लागते. इनडिझाइनमध्ये क्रॉप मार्कचं ऑफसेट (कापरेषेपासूनचं अंतर) मुळात ६ पॉइंट, म्हणजे सुमारे २.१ मिमी असतं. ते ३ मिमी किंवा जास्त करा, नाहीतर मार्कची टोकं ब्लीडमध्ये घुसतात. प्रेसने वेगळं काही सांगितलं नसेल तर पीडीएफ/एक्स-४ हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार चांगला, जुन्या यंत्रणेवर पीडीएफ/एक्स-१ए मागतात.

मग तीच पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडा. पसंतींमध्ये पानाच्या डिस्प्लेखाली ट्रिम (कापल्यानंतरचं माप) आणि ब्लीडच्या चौकटी दाखवण्याची सोय आहे, ती सुरू केली की फाईल स्वतःच बोलते. ट्रिमची चौकट ठरलेल्या मापाचीच आहे का, ब्लीड चारही बाजूंना भरलेलं आहे का, हे प्रत्येक पानावर बघा, फक्त पहिल्या पानावर नाही.

शेवटी साध्या प्रिंटरवर प्रत काढा. ‘फिट टू पेज’ बंद, १०० टक्के मापात. ए-फोरचं काम असेल तर ब्लीडसकट ए-थ्रीवर. पट्टी लावून कटरने मार्कवर कापा, घडी असेल तर घाला, आणि त्यातलीच एक प्रत मुद्दाम मिलिमीटरभर चुकवून कापा. तीही चांगली दिसली तर फाईल पाठवायला हरकत नाही. सोबतच्या निरोपात कापल्यानंतरचं माप, ब्लीड, पानांची संख्या आणि बायंडिंगची बाजू पुन्हा लिहा.