जुना गिब्सन बँजो घेताय? नेकवर जाऊ नका, आतला रिम बघा

आधीच सांगतो, गणपतीत वाजतो तो बटणांचा बेंजो नव्हे, अमेरिकेतल्या ब्लूग्रास या लोकसंगीतवाल्यांचा पाच तारांचा बँजो. दुसऱ्या महायुद्धाआधीचा गिब्सन कंपनीचा मास्टरटोन हा बँजो म्हटला की लोक हेडस्टॉकवरचं, म्हणजे नेकच्या (तारा दाबायच्या लांब दांड्याच्या) टोकावरचं शिंपल्याचं नक्षीकाम बघूनच खूश होतात, पण खरी गंमत पॉटमध्ये, म्हणजे खालच्या गोल भागात असते.

मागचा रेझोनेटर, म्हणजे पाठीमागचं लाकडी झाकण, स्क्रू काढून सोडवा आणि टॉर्च मारून लाकडी रिमच्या, म्हणजे पॉटच्या गोल कड्याच्या आत बघा, तिथे नंबर असतो, आधी लॉटचा, मग डॅश, मग त्या लॉटमधला कितवा पीस ते. बऱ्याचदा रेझोनेटरच्या आतही तोच नंबर असतो, दोन्ही जुळले तर छानच. त्या काळात जॅझमुळे चार तारांचा टेनर जास्त खपायचा, त्यामुळे आज पाच तारांचे म्हणून फिरणारे कितीतरी बँजो म्हणजे जुना टेनर पॉट आणि नवा नेक. आवाजाला काही वाईट नसतात हो, पण भाव ओरिजिनलचा द्यायचा नाही.

मग टोन रिंग, म्हणजे रिमवर बसणारं धातूचं कडं. वरचं ताणलेलं हेड (कातडं) सगळं सपाट दिसलं तर फ्लॅटहेड, आत एक छोटं वर्तुळ उचललेलं दिसलं तर आर्चटॉप. फ्लॅटहेड दुर्मीळ, म्हणून महाग, म्हणून लोक आर्चटॉपचा रिम कापून वर फ्लॅटहेड रिंग बसवतात. हेड आणि रिंग काढून रिमची वरची कड बघा, लाकूड तिथेच ताजं दिसत असेल तर समजून जा. वन पीस फ्लँजसुद्धा तपासा, म्हणजे रिमभोवतीची एकसंध धातूची पट्टी, जस्ताच्या मिश्रधातूचा असल्याने हेड ताणणाऱ्या हुकांच्या ताणाने वर ओढला जातो, कधी तडकतो.

आता मालक कोण कोण होते ते. प्रसिद्ध ब्लूग्रास वादक अर्ल स्क्रग्जचा ग्रॅनाडा (मास्टरटोनचंच एक मॉडेल), नंबर ९५८४-३, आधी फिशर हेंडली, मग स्नफी जेन्किन्स, मग डॉन रेनो आणि रेनोकडून अदलाबदलीत स्क्रग्जकडे, आणि नंबर माहीत असल्याने कुणी दुसराच बँजो तो म्हणून खपवू शकत नाही. तुमच्या विक्रेत्याकडे जुनी पत्रं, रिपेअरची बिलं, फोटो मागा. फोटोत रेझोनेटरच्या लाकडाच्या रेषा दिसत असतील तर समोरच्या लाकडाशी ताडून बघा, त्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. नुसतं "अमक्या मोठ्या वादकाचा होता" म्हणाला तर हसून ऐका आणि त्याचा एक डॉलरही जास्त देऊ नका. रेझोनेटर उघडायलाच नाही म्हणाला तर मग सरळ निघा तिथून.