तेल गळत होतं, पण दोष सीलचा नव्हता

मोठ्या मोटरच्या स्लीव्ह बेअरिंगमधून (शाफ्ट तेलाच्या थरावर फिरवणारं नळीसारखं बेअरिंग) तेल मोटरच्या आत झिरपत होतं. वाइंडिंगवर तेल-धुळीचा काळा, चिकट थर बसलेला. सील नवं टाकूनही गळती थांबेना. मग ब्रीदर, म्हणजे बेअरिंगच्या हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड, उघडला, तर जाळी पार चोंदलेली, आतला दाब बाहेर पडायला वाटच नाही! त्यात मोटरच्या पंख्यामुळे बेअरिंगच्या आतल्या बाजूला हवेचा दाब कमी होतो. तेल शाफ्टच्या कडेने ओढलं जाणारच. ब्रीदर धुतला. लॅबिरिंथ सीलच्या (शाफ्टला न घासता खाचांच्या वळणांनी तेल अडवणारं सील) तळाशी तेल परत टाकीत सोडणारी भोकं असतात, तीही गाळाने बुजली होती, मोकळी केली. बसवताना ती खालीच यायला हवीत, नाहीतर सील कितीही भारी असो, उपयोग शून्य. हाउसिंगच्या सांध्यांना सीलंट लावलं, मोटर बंद ठेवून तेल पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंतच भरलं. आता शाफ्ट कोरडा आहे.