पील करून घ्यायचंय? मग सुरुवात दोन आठवडे आधी करा

मी त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली पील करते, म्हणजे चेहऱ्याला आम्ल लावून त्वचेचा वरचा मृत थर सोडवते. खुर्चीत टेकल्या टेकल्या जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न असतो, "खूप आग होईल का?" होते थोडी. पण मला त्याआधी एक गोष्ट कळायला हवी असते: गेल्या दोन आठवड्यांत चेहऱ्याला काय काय लावलंत? पील कसं उतरेल हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं, आणि उरलेलं तुम्ही नंतर उन्हात कसे वागता त्यावर.

आपल्या त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो सतत झडतच असतो. खालची नवी पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. वय वाढतं तसा हा वेग मंदावतो, चेहरा निस्तेज दिसू लागतो. पीलमधलं आम्ल या मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल करतं, त्यामुळे त्या लवकर सुटतात. रंग गोरा करणं हे पीलचं काम नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर तिथून उठा.

आम्ल कुठलं निवडायचं, हे डॉक्टर ठरवतात. पण त्यामागचं कारण तुम्हालाही माहीत असावं. ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यांत लहान, म्हणून ते भराभर आत शिरतं. मँडेलिकचा रेणू मोठा, ते सावकाश मुरतं. नाजूक किंवा सावळ्या त्वचेसाठी मला ते जास्त भरवशाचं वाटतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रांत उतरतं आणि मुरुम, ब्लॅकहेड्स यांवर चांगलं चालतं. टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) त्याहून खोल जाऊ शकतं. फिनॉलचं पील तर फार खोल जातं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते हृदयावर यंत्राने लक्ष ठेवूनच करतात. आम्लाशिवायचे प्रकारही असतात: मायक्रोडर्माब्रेजनमध्ये बारीक स्फटिकांनी किंवा हिऱ्याच्या टोकाने त्वचा घासतात, डर्माप्लेनिंगमध्ये धारदार पात्याने वरचा थर आणि लव काढतात. लव नंतर जाड येत नाही, ती भीती मनातून काढून टाका.

आता तयारी. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीची क्रीम) लावत असाल तर साधारण आठवडाभर आधी थांबवा, नेमके किती दिवस ते डॉक्टरांना विचारून. स्क्रब, वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच हे सगळं त्या आठवड्यात बंद. सनस्क्रीन मात्र दोन आठवडे आधीपासून रोज लावा. पीलनंतरच्या हुळहुळ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच नवं सनस्क्रीन लावून बघण्यात शहाणपण नाही.

काही गोष्टी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगा: गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेता किंवा घेत होता का, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का (असेल तर सॅलिसिलिक नको), जखमेचा व्रण फुगून वर येतो का. ओठांवर नागीण, म्हणजे पाण्याच्या पुळ्या, वारंवार उठत असेल तर तेही सांगा. पीलने ती परत उसळू शकते, म्हणून डॉक्टर आधीच गोळ्या सुरू करतात. हे सांगायला लोक लाजतात याचं मला वाईट वाटतं, कारण एका वाक्याने पुढचा मोठा त्रास टळतो.

प्रत्यक्ष पील काही मिनिटांचंच असतं. चेहरा धुऊन त्यावरचं तेल पुसून काढतो, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांना व्हॅसलिन लावतो, मग ब्रशने किंवा कापसाने आम्ल. आधी चुणचुणतं, मग उष्ण वाटतं. ही आग किती आहे ते शून्य ते दहामध्ये सांगत राहा, गप्प सोसू नका. ग्लायकोलिक ठरल्या वेळी खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने थांबवावं लागतं, म्हणून घड्याळावर नजर ठेवणारं माणूस समोर हवं. सॅलिसिलिकने चेहऱ्यावर पांढरी पूड धरते. ते आम्लाचेच स्फटिक, पुसले की जातात. टीसीएने येणारा पांढरेपणा वेगळा. तिथे त्वचेतली प्रथिनं गोठलेली असतात आणि तो पुसून जात नाही, हळूहळू ओसरतो.

घरी जाताना चेहरा उन्हात फिरून आल्यासारखा लाल असतो. हलक्या पीलनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्वचा ओढल्यासारखी वाटते, तोंडाभोवती आणि नाकाशेजारी पापुद्रे सुटू लागतात, आणि आठवड्याभरात बहुतेक आवरतं. काहींचे पापुद्रे दिसतही नाहीत. म्हणून पील वाया गेलं असं समजू नका. सुटत असतील तर एकही ओढू नका. खालची त्वचा तयार होण्याआधी पापुद्रा निघाला की तिथे काळा डाग राहतो. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हा धोका जास्त, कारण तिला जरा इजा झाली की ती रंगद्रव्य ओतते. जो डाग घालवायला आलात त्याहून गडद डाग घेऊन महिनोन् महिने बसावं लागतं.

म्हणून त्या आठवड्यात सौम्य क्लेन्झर, साधं वासाविना मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो आणि साधं सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. पहिले काही दिवस घाम गाळणारा व्यायाम आणि वाफ टाळा.

एका पीलने तजेला येतो, डाग जात नाहीत. साधारण चार ते सहा बैठका, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, असं गणित धरा. मुरुमांचे खोल खड्डे हलक्या पीलने भरत नाहीत आणि वांग फिकट झाला तरी परतू शकतो. हे आधीच सांगणारा डॉक्टर निवडा.

तीव्र आम्लाच्या बाटल्या मागवून घरी पील करू नका, हे मी हात जोडून सांगते. घरच्या वापरासाठी ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच (आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ३.५ किंवा त्याहून जास्त, ही मर्यादा पाळा. आठवड्यातून एकदा-दोनदा लावून सुरुवात करा आणि बाकीचे दिवस त्वचेला सोडून द्या.

पीलनंतर फोड आले, पू दिसला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पाण्याच्या बारीक पुळ्या घोळक्याने उठल्या किंवा एखादा भाग अचानक काळपट पडू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.