डोसिमेट्री ऑनलाइन शिकायची, तर आधी हॉस्पिटलातली खुर्ची शोधा

परवा सांगलीहून मैत्रिणीच्या मुलीचा निरोप आला. लग्न ठरलंय, नवरा ओहायोत, आणि नेटवर तिला ‘मेडिकल डोसिमेट्री’ असं काहीतरी सापडलंय. “मावशी, हे सगळं ऑनलाइन होतं ना? म्हणजे घरी बसून?” वर्षाला असे दोन-तीन निरोप येतातच, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

आधी कामाबद्दल. कॅन्सरच्या ज्या उपचाराला आपल्याकडं लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, ते हे किरणोपचार. या गाठीला इतके ग्रे (ग्रे म्हणजे डोस मोजायचं एकक), इतक्या दिवसांत, असं डॉक्टर लिहून देतात. मग किरण कुठल्या कोनातून सोडायचे, त्यांचा आकार केवढा ठेवायचा, कुठून किती द्यायचे, म्हणजे गाठीला पुरेसा डोस मिळेल आणि शेजारचा मज्जारज्जू, फुप्फुस, हृदय सांभाळलं जाईल, हा आराखडा संगणकावर बसवतो तो डोसिमेट्रिस्ट. फिजिसिस्ट तो तपासतो, डॉक्टर मंजूर करतात, आणि मगच पेशंट मशीनवर.

आपल्या देशात हे काम मेडिकल फिजिसिस्टकडं असतं. त्याचा रस्ता वेगळा: एमएस्सी फिजिक्स, त्यावर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा (मुंबईत बीएआरसीचा नावाजलेला आहे), वर्षभराची इंटर्नशिप, आणि एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी. मिरज-कोल्हापुरातच नोकरी करायची असेल तर तोच रस्ता धरा, माझं पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. मी सांगतेय ते अमेरिकेचं.

अमेरिकेत डोसिमेट्रिस्टची परीक्षा एमडीसीबी नावाचं मंडळ घेतं. पास झालात की नावापुढं सीएमडी (सर्टिफाइड मेडिकल डोसिमेट्रिस्ट) लागतं, आणि नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत तेच मागतात. पूर्वी खात्यात काम करता करता शिकून परीक्षेला बसता यायचं. २०१७ पासून पदवी हवी, शिवाय जेआरसीईआरटी या तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला, किमान १२ महिन्यांचा डोसिमेट्रीचा कोर्स हवा. म्हणून ‘आठ आठवड्यांत घरबसल्या डोसिमेट्री सर्टिफिकेट’ असं कुणी विकायला आलं, की एकच प्रश्न विचारायचा: जेआरसीईआरटीच्या यादीत तुमचं नाव आहे का? यादी त्यांच्या साइटवर कुणालाही बघता येते. नाव नसेल तर फोन ठेवायचा.

आता ‘ऑनलाइन’ या शब्दाकडं वळू. मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स खरंच आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचं ला क्रॉस आणि सदर्न इलिनॉय विद्यापीठाचं कार्बनडेल इथले मास्टर्स बरेच जण करतात. लेक्चर, असाइनमेंट, चर्चा, परीक्षा सगळं लॅपटॉपवर. पण त्याला जोडून क्लिनिकल इंटर्नशिप असते, आणि ती खऱ्या हॉस्पिटलात, खऱ्या प्लॅनिंग रूममध्ये, आठवड्याला नोकरीइतके तास बसून करायची. तिथं सुट्टी नाही आणि ‘रेकॉर्डिंग नंतर बघते’ नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की कोर्स निवडण्याआधी हॉस्पिटल बघा. ज्या गावात राहणार तिथून गाडीनं पोचता येईल अशा अंतरावर कुठल्या कोर्सची क्लिनिकल साइट आहे? तिथं वर्षाला विद्यार्थी किती घेतात? खूप ठिकाणी एकच. ती एक खुर्ची मिळाली तर घर, नवरा, पोरं सांभाळून हे जमतं. नाही मिळाली तर वर्षभर दुसऱ्या राज्यात खोली घेऊन राहायची तयारी ठेवा. हे सासरी आधीच बोलून घ्या बाई, प्रवेश झाल्यावर नको.

माझंच सांगते. बीएस्सी फिजिक्स, त्यावर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, आणि मिरजेकडच्या एका हॉस्पिटलात कोबाल्टच्या किरणोपचार मशीनवर आठ वर्षं. अमेरिकेत आल्यावर पहिली अडचण कागदांची आली. आपली तीन वर्षांची बीएस्सी तिथल्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरतात की नाही, हे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेवर आणि विद्यापीठावर अवलंबून असतं. माझी बीएस्सी आणि डिप्लोमा मिळून धरले, पण अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन पेपर मला कम्युनिटी कॉलेजात परत द्यावे लागले, विशीतल्या पोरांबरोबर. तेव्हा राग आला होता. पुढं सीटीवर बोट ठेवून अन्ननलिका ओळखायची वेळ आली तेव्हा राग गेला. कुठलं मूल्यांकन चालेल हे विद्यापीठाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं तोंडी उत्तर धरून पैसे भरू नका. व्हिसाचंही बघून ठेवा: एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण पगाराच्या नोकरीला वर्क परमिट लागतं.

अर्जाबरोबर अनेक कोर्स ‘शॅडोइंग’ मागतात, म्हणजे डोसिमेट्रिस्टशेजारी बसून एक-दोन दिवस नुसतं बघायचं. ही औपचारिकता समजू नका. पुढची खुर्ची तिथूनच मिळू शकते. मी तीन हॉस्पिटलांना लिहिलं, एकानं बोलावलं, आणि शेवटी इंटर्नशिपही तिथंच झाली.

प्रवेशाला अवकाश असेल तोवर घरी काय करायचं? सगळ्यात आधी हातानं हिशेब. तो मी मिरजेत शिकले. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे किरण निम्म्यावर येतात, म्हणून उपचाराची वेळ दर महिन्याला साधारण एक टक्क्यानं वाढते. आमचे फिजिसिस्ट भिंतीवरचा तक्ता बदलायचे आणि मी शेजारी उभी राहून आकडा जुळवून बघायची. आता लिनॅकचं, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनचं, एक गणित घ्या. ६ एमव्हीचा (ही किरणाची ताकद) किरण, १० बाय १० सेंटीमीटरचं फील्ड (किरणाचा चौकोन), किरणाच्या उगमापासून त्वचेपर्यंतचं अंतर १०० सेंटीमीटर. सगळ्यात जास्त डोस १.५ सेंटीमीटर खोलीवर पडतो, आणि १० सेंटीमीटरवर त्याचा सुमारे ६७ टक्के उरतो. गाठ १० सेंटीमीटर आत आहे आणि तिथं २०० सेंटीग्रे (म्हणजे २ ग्रे) हवेत. १.५ सेंटीमीटरवर एका युनिटला (मशीन किरण ज्या मापात मोजतं ते) एक सेंटीग्रे मिळतो असं धरलं, तर २०० भागिले ०.६७, म्हणजे २९९ युनिट. पण मग कातडीखाली त्या १.५ सेंटीमीटरवरही २९९ सेंटीग्रे पडले! गाठीपेक्षा दीडपट. आता तेच पुढून १०० आणि मागून १०० द्या, शरीर २० सेंटीमीटर जाड धरून. कातडीखालचा आकडा २१० च्या आसपास येतो: पुढच्या किरणाचे १४९ आणि मागून येणाऱ्याचे उरलेसुरले साठेक. एवढा एक कागद स्वतः सोडवला की किरण अनेक बाजूंनी का देतात हे लेक्चरशिवाय समजतं.

दुसरं, डोळा तयार करणं. आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं २००५ चं रेडिएशन ऑन्कॉलॉजी फिजिक्सचं हँडबुक पीडीएफमध्ये फुकट मिळतं, वाचायला तेवढं पुरे. पण वाचून सीटी कळत नाही. ‘द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह’वर नावं काढून टाकलेले खरे स्कॅन फुकट आहेत. ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर फुकट, त्यात स्लायसर-आरटी ही किरणोपचाराची जोड टाका, आणि रोज एका स्कॅनवर एकच अवयव रेघून काढा. सोमवारी पॅरोटिड (कानापुढची लाळग्रंथी), मंगळवारी मज्जारज्जू, बुधवारी हृदय. मग तयार अ‍ॅटलासशी, म्हणजे अवयव आखून दाखवलेल्या नमुन्याशी, ताडून बघा. पहिले पंधरा दिवस अन्ननलिका सापडणारच नाही, ती गुंडाळलेल्या ओल्या रुमालासारखी दिसते आणि दर स्लाइसला जागा बदलते. वरून खाली एका दमात बघत गेलं की सापडते. या कामाला लॅपटॉपचा टचपॅड अजिबात नको, चांगला माउस घ्या. माझ्या मनगटाला अजून पट्टा लागतो.

प्लॅन बनवून बघायचा तर जर्मनीतल्या डीकेएफझेड या कॅन्सर संशोधन केंद्राचं ‘मॅटरॅड’ सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. पेशंटसाठी ते वापरत नाहीत, ते शिकण्या-संशोधनासाठी. पण बीमचा कोन दहा अंशांनी हलवला की डोसचा नकाशा कसा पसरतो ते दिसतं. आकडे पाठ करायचे तर थोडेच करा, कारणासकट. नेहमीच्या रोजच्या डोसात मज्जारज्जूला ४५ ग्रेच्या वर सहसा जाऊ देत नाहीत, आणि जास्तीत जास्त ५० ग्रेला इजा होण्याची शक्यता ०.२ टक्के धरतात. फुप्फुसात २० ग्रे किंवा जास्त मिळालेला भाग ३० ते ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. मज्जारज्जूचा एकच बिंदू बिघडला तरी माणूस लुळा पडू शकतो, फुप्फुसाचा थोडा भाग गेला तर उरलेलं काम ओढतं. म्हणून एकाला कमाल आकडा आणि दुसऱ्याला टक्केवारी.

हे सगळं घरी होतं. जे होत नाही त्याचा माझा एक किस्सा. इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात मी छातीच्या एका पेशंटचा प्लॅन केला. डोसचे आलेख असे सुरेख की मीच खूश. फिजिसिस्टनं आकडे तपासले, सगळं बरोबर. उपचाराच्या आदल्या दिवशी मशीनवर कोरडी फेरी (किरण न सोडता तालीम) घेतली तर एका कोनाला गॅन्ट्री, म्हणजे मशीनचा फिरणारा भाग, वर घेतलेल्या कोपराच्या आधाराला टेकायला आली. संगणकाच्या पडद्यावर कोपर नव्हताच, कारण सीटीच्या चौकटीत तो आला नव्हता. आठ वर्षं स्वतः पेशंट झोपवलेली बाई मी, आणि प्लॅन करताना कोपर विसरले. टेक्नॉलॉजिस्ट मुलीनं हसत हात वर करून मशीन थांबवलं. रात्री साडेआठपर्यंत बसून तो प्लॅन नव्यानं केला. तेव्हापासून नव्या प्लॅनला बसण्याआधी मी एकदा खाली जाऊन पेशंट कसा झोपवलाय त्याचा फोटो बघते.

तर सांगलीच्या पोरी, या आठवड्यात एवढंच कर. कोल्हापूरला जाऊन विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे तीन संच मागव, लग्नाच्या धावपळीत ते राहून जातं आणि इथून मागवायला जीव जातो. आणि नवऱ्याच्या घराचा पिनकोड मला पाठव. जवळ कुठं क्लिनिकल साइट आहे का, ते रविवारी दोघी मिळून नकाशावर बघू.