नळात उलटं पाणी शिरू नये म्हणून काय करावं

कोकणातली बरीच गावं उतारावर वसलेली. वरची वाडी डोंगराला टेकलेली, खालची खाडीकडे, आणि दोन्ही वाड्यांना पाणी एकाच टाकीचं. नळ तासभर येतो, मग टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद होतो, पण पाईप तेव्हा भरलेलाच असतो. खालच्या वाडीत कुणाचा नळ उघडा असेल, तर वरचं पाणी उताराने तिकडे निघून जातं आणि वरच्या पाईपमध्ये पोकळी होते. अशा वेळी वरच्या घरातली नळी ज्या कशात बुडलेली असेल ते पाईप ओढून घेतो. गुरांच्या डोणीतलं पाणी असो, न्हाणीघरातल्या बादलीतलं साबणाचं पाणी असो, नाहीतर फवारणीच्या पिंपातलं औषध. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की ते कुणाच्या तरी पिण्याच्या हंड्यात पडतं.

उलटं पाणी आणखी एका वाटेने येतं. विहिरीच्या पंपाचा किंवा उंचावरच्या टाकीचा दाब नळाच्या दाबापेक्षा जास्त झाला, की घरचं पाणी मुख्य पाईपमध्ये ढकललं जातं. 10 मीटर उंचीची टाकी दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलोचा दाब देते. गावच्या नळाला शेवटच्या घरापर्यंत तेवढाही दाब अनेकदा नसतो.

आधी तुमचा नळ ओढतो का ते बघा

पाणी जायच्या वेळी अंगणातला नळ पूर्ण उघडा ठेवा. धार थांबली की तोंडावर ओल्या कागदाचा तुकडा धरा. कागद चिकटून आत खेचला गेला किंवा नळातून सूं असा आवाज आला, तर तुमच्याकडे पोकळी होते. किनाऱ्यालगतच्या घरांना आणखी एक खूण मिळते. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. पाणी आल्या आल्या नळालाही पहिली काही मिनिटं मचूळ चव लागत असेल, तर जवळपास कुठेतरी विहिरीचं पाणी नळाच्या पाईपात शिरतंय असा संशय घ्या.

नळी बुडवू नका

सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि तो फुकटात टळतो. पावसाच्या तोंडावर पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारायची घाई असते. एक टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पिंप भरायला नळी आत सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी जातं. नळीचं तोंड पिंपाच्या काठाच्या वर बांधून ठेवा, म्हणजे धार हवेतून पडेल. हे अंतर पाईपच्या व्यासाच्या दुप्पट आणि कमीत कमी एक इंच हवं. अर्ध्या इंचाच्या नळाला एक इंच, एक इंचाच्या पाईपला दोन इंच. हवेतून पाणी मागे चढत नाही, आणि या रिकाम्या जागेत झिजण्यासारखं काही नाही. फवारणीसाठी मात्र माझं स्पष्ट मत असं की नळी वापरूच नये, पाणी बादलीने ओतावं.

अमेरिकेतल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाला 1969 मध्ये काविळीने गाठलं. जवळच्या आगीवर बंबांनी पाणी ओढलं, पाईपमधला दाब पडला, आणि मैदानावर पाणी शिंपडणाऱ्या नळ्यांच्या खड्ड्यांत साचलेलं दूषित पाणी पिण्याच्या पाईपात गेलं. जवळजवळ सगळा संघ आजारी पडला आणि त्यांना तो हंगाम अर्धवट सोडावा लागला.

टाकी, विहीर आणि पंप

टाकीत पाणी पडताना आवाज नको म्हणून प्लंबर आतला पाईप तळापर्यंत नेतात. तो कापून घ्या. बॉलकॉकचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर असलं पाहिजे.

विहीर आणि नळ एकाच पाईपला जोडून मध्ये दोन गेटव्हॉल्व्ह टाकायची पद्धत सर्रास दिसते. एक उघडायचा, दुसरा बंद करायचा. पण जुना गेटव्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि घाईत माणूसही विसरतो. तपासायचं असेल तर गावचं पाणी बंद असताना नळाकडचा व्हॉल्व्ह बंद करा, मीटरजवळचा नळ उघडून पाईपमधलं उरलेलं पाणी जाऊ द्या आणि मग विहिरीचा पंप चालू करा. त्या नळाला पुन्हा पाणी आलं तर तुमची विहीर गावच्या पाईपात जातेय. उपाय एकच आहे, दोन्ही पाईप वेगळे करून टाकीत वरून, हवेतून सोडा.

नळाला थेट मोटर लावली असेल तर ती काढा. ती गळक्या सांध्यांतून गटारातलं पाणीही ओढते. जमिनीलगत छोटी टाकी बांधा, नळ तिच्यात पडू द्या, मोटर त्या टाकीवर लावा.

एनआरव्ही आणि त्याची तपासणी

एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. मीटरनंतर तो पितळी बसवा, खाऱ्या हवेत लोखंडी टिकत नाही. बाणाची दिशा बघा. त्याच्या आधी जाळी असू द्या, कारण जांभ्याची बारीक माती झडपेवर बसली की ती नीट मिटत नाही. मीटरच्या बाजूने क्रम असा ठेवा: बॉलव्हॉल्व्ह, तपासणीचा छोटा नळ, मग एनआरव्ही.

तपासणी पाणी चालू असतानाच करायची. गच्चीवरच्या टाकीपर्यंतचा पाईप भरलेला असला पाहिजे. तो आधीच मागे रिकामा झाला असेल, तर खराब व्हॉल्व्हसुद्धा पास झाल्यासारखा दिसतो. बॉलव्हॉल्व्ह बंद करा आणि छोटा नळ उघडा. आधी कपभर पाणी येईल, ते बॉलव्हॉल्व्ह आणि एनआरव्ही यांच्या मधलं. नंतर थेंबही येता कामा नये. ठिबकत राहिलं तर झडप उघडून साफ करा, तरी ठिबकलं तर बदला. हे वर्षातून एकदा, पावसाआधी करावं. तारीख पाईपवर रंगाने लिहून ठेवा.

धंदा असेल तर

होमस्टे, मासळी धुण्याची जागा, बर्फाचा कारखाना, गाड्यांचं सर्व्हिस सेंटर, दवाखाना, या ठिकाणी एका एनआरव्हीवर भागत नाही. नळ मधल्या टाकीत हवेतून पाडणं सगळ्यात भरवशाचं. जिथे रसायनं आहेत आणि थेट दाब लागतोच, तिथे दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये पाणी बाहेर सोडून देणारी सुटका झडप असलेला आरपीझेड व्हॉल्व्ह घालतात. त्याची तपासणी दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या गेजने होते. तो फरक 2 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) खाली जाण्याआधी सुटका झडप उघडली पाहिजे. हे काम जाणकाराकडूनच, दरवर्षी करून घ्यावं. आणि हा व्हॉल्व्ह खड्ड्यात कधीच बसवू नये. आपल्याकडे जुलैत खड्डा भरतो, सुटका झडप बुडते, आणि त्याच वाटेने घाण आत जाऊ शकते.

पाणी दूषित वाटलं तर

पिणं लगेच थांबवा आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी, करून घ्या. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. गावच्या टाकीत क्लोरीन आहे आणि तुमच्या नळाला नाही, तर मध्ये काहीतरी मिसळतंय. वरच्या दोन-तीन घरांचं पाणीही तपासायला सांगा. ज्या घरापासून क्लोरीन नाहीसा होतो, शोध तिथूनच सुरू करायचा.